पत्ते फिरलेत की डोकं? सलग हरण्याच्या दिवसांसाठी

पोकरमध्ये सलग हरायला लागलं की बहुतेक खेळाडू सगळ्यात आधी हिशेब ठेवणं सोडतात. जिंकत होते तोवर रोज रात्री आकडा बघत होते. आता म्हणतात, महिनाअखेरीला बघू. म्हणून मी सुरुवात आकड्यांपासूनच करते. दीर्घ श्वास, फेरफटका, ते पुढे येईल. आपण नक्की कशाने हरतोय हेच माहीत नसेल तर श्वास कितीही मोठा घेतला तरी फारसा उपयोग नाही.

मी मूळची साताऱ्याची, राहते न्यू जर्सीत, एडिसनला. नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या आकड्यांची. पोकर खेळते ते मुलं झोपल्यावर, लॅपटॉपवर: नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक, पैसे लावायला वरची मर्यादा नाही), सहा जणांची दोन टेबलं, ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पत्ते बघण्याआधीच लावायची लहान आणि मोठी रक्कम, दहा आणि पंचवीस सेंट. म्हणजे एका टेबलावर पूर्ण रक्कम घेऊन बसायला पंचवीस डॉलर लागतात; हा एक बाय-इन. या राज्यात ऑनलाइन पोकर नोव्हेंबर २०१३ पासून कायदेशीर आहे. भारतात मात्र ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि त्या कायद्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा फरक ठेवलेला नाही. तेव्हा पुण्यात बसून व्हीपीएन लावून कुठल्यातरी बेटावरच्या साइटवर खेळत असाल, तर तुमच्या हरण्याला माझ्याकडे एकच उपाय आहे: बंद करा. तिथे जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायची सोय नाही. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर खेळणाऱ्यांना पुढचं बरंचसं लागू पडेल, फक्त तिथे डाव सावकाश होतात, त्यामुळे सगळं आणखी रेंगाळतं.

सासूबाईंच्या मते हा जुगारच आहे. त्या पूर्ण चुकीच्या नाहीत, आणि हे मान्य करूनच पुढे जाणं बरं.

नशीब किती काळ रुसू शकतं

होल्डेममध्ये हातात येऊ शकणारे सगळ्यात चांगले दोन पत्ते म्हणजे एक्क्यांची जोडी. ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोर राजांची जोडी असली आणि सगळे पैसे सुरुवातीलाच आत गेले, तर एक्केवाला शंभरातून ८२ वेळा जिंकतो. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. उरलेले १८ कुणाच्याच लक्षात नसतात, आणि ते समोर आले की 'माझ्याच बाबतीत असं का' सुरू होतं. ८० टक्के आपल्या बाजूने असलेले पाच मोठे डाव ओळीने खेळलात, तर पाचही जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशापेक्षा किंचित कमी आहे. म्हणजे पाचांतला एखादा तरी हातचा जाणं हेच जास्त स्वाभाविक आहे. ओळीने तीन हरणं १२५ मध्ये एकदा होतं. दुर्मिळ वाटेल, पण नियमित खेळणाऱ्याच्या वाट्याला ते येतंच येतं.

हा झाला एका रात्रीचा प्रकार. खरा घोळ लांबच्या पल्ल्यात आहे.

पोकरमधली कमाई शंभर डावांमागे किती बिग ब्लाइंड (मोठे ब्लाइंड; माझ्या टेबलावर एक म्हणजे पंचवीस सेंट) अशी मोजतात. शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड मिळवणारा खेळाडू चांगलाच म्हणायचा. पण सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे जातो ते माप, साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. आपण ९० धरू. दहा हजार डावांनंतर या चांगल्या खेळाडूला सरासरी ५०० बिग ब्लाइंड मिळायला हवेत, आणि त्याभोवतीची उलथापालथ आहे ९०० ची. गणित मांडलं तर असं दिसतं की अशा दहा खेळाडूंपैकी जवळजवळ तिघे दहा हजार डावांनंतरही तोट्यात असतील. पाचऐवजी अडीच बिग ब्लाइंड मिळवणारा, म्हणजे बेताचा पण फायद्यातला खेळाडू घ्या. लाख डाव झाल्यावरही तसे पाचांतला एक जण तोट्यात असतो.

लाख डाव म्हणजे किती? ऑनलाइन एका टेबलावर तासाला सत्तर-पंचाहत्तर डाव होतात, दोन टेबलांवर दीडशे. आठवड्यातून चार रात्री दीड-दीड तास बसलं तर आठवड्याचे नऊशे. लाख गाठायला दोन वर्षांहून जास्त लागतात. नोकरी-संसार सांभाळून खेळणारा, बऱ्यापैकी खेळणारा माणूस दोन वर्षं तोट्यात राहू शकतो आणि तरी त्याच्या खेळात काही मोठा बिघाड नसू शकतो.

हे ऐकून बरं वाटतं. आणि इथेच सावध राहायला हवं, कारण ज्याचा खेळ खरंच वाईट आहे तोही याच गणिताआड दोन वर्षं लपून बसू शकतो. त्यात प्रत्येक मोठ्या डावातून साइट आपला रेक, म्हणजे कमिशन, कापून घेते. टेबलावरच्या सहा जणांचा जमाखर्च एकत्र केला तर तो नेहमी उणे येतो. बरोबरीचे सहा जण खेळले तर सहाही जण हळूहळू हरतात. तेव्हा 'सध्या दिवस वाईट चाललेत' म्हणणाऱ्या पुष्कळांचे दिवस वाईट नसतातच, त्यांचा तो नेहमीचा वेग असतो. तुम्ही यांतले कोण, हे टेबलावर बसून कळत नाही. वही काढावी लागते.

वहीतला आठवडा

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. साइटवरून डावांची नोंद उतरवून घेता येत असेल तर पोकरट्रॅकरसारखं सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतं, पण हाताने केल्याने जे डोक्यात शिरतं ते आलेख बघून शिरत नाही, असं माझं मत.

करायचं ते इतकंच: सगळे पैसे आत गेलेला आणि पत्ते उघडे पडलेला प्रत्येक डाव लिहायचा, आणि पैसे आत गेले त्या क्षणी आपण जिंकण्याची शक्यता किती टक्के होती ते शेजारी लिहायचं. टक्के काढून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर ढिगाने आहेत. एक नमुना मांडते. एक्क्यांची जोडी, समोर राजांची: ८२. राण्यांची जोडी, समोर एक्का-राजा: ५७. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर) वरची जोडी, समोरच्याला चार बदाम होऊन पाचव्याची वाट: ६५. गुलामांची जोडी, समोर सत्त्यांची: ८०. आपल्याकडे एक्का-राजा, समोर दश्श्यांची जोडी: ४३. बेरीज ३२७. म्हणजे या पाच डावांत 'हक्काने' सव्वातीन विजय यायला हवे होते. समजा आला एकच.

आता डॉलर. प्रत्येक डावात पॉट, म्हणजे मधे जमलेले एकूण पैसे, पन्नासचा धरा, सुटे पैसे आणि रेक सोडून द्या. हक्काचे १६३ डॉलर ५० सेंट, मिळाले ५०. नशिबाने नेले ११३ डॉलर ५० सेंट. आठवड्याचा एकूण तोटा १८० असेल तर उरले ६६ डॉलर ५० सेंट. या साडेसहासष्ट डॉलरांना बॅड बीटचं (शक्यता आपल्या बाजूने असूनही हरण्याचं) कारण लागू नाही. ते कुठल्यातरी छोट्या-छोट्या डावांतून गेले: 'बघू तरी काय आहे त्याच्याकडे' म्हणून रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्यावर, दिलेले कॉल (समोरच्याने लावले तेवढेच पैसे भरणं), लहान ब्लाइंडवरून उगाच खेळलेली नव्वी-सत्ती, आणि थोडा रेक.

ही पद्धत अगदी चोख नाही. राजे घेऊन एक्क्यांसमोर सापडलात तर वहीत तुमच्या नावावर १८ च टक्के पडतात, पण तिथे कोणीही सापडलं असतं; तेही नशीबच. शिवाय पाच डावांवरून शहाणपण काढू नये. पण महिनाभर लिहिलंत तर एक गोष्ट होते: तोट्याचे दोन तुकडे पडतात. एक, ज्याबद्दल काहीच करता येत नाही. दुसरा, ज्याबद्दल करता येतं. सलग हरण्यातला मानसिक त्रास निम्म्याहून जास्त या दोघांची सरमिसळ झाल्यानेच होतो. नशिबाने गेलेल्या पैशासाठी माणूस स्वतःला शिव्या देतो आणि स्वतः उधळलेल्या पैशासाठी नशिबाला.

वहीचा आणखी एक व्यावहारिक उपयोग अमेरिकेतल्यांना. जिंकलेली रक्कम इथे करपात्र आहे, आणि २०२६ पासून हरलेल्या रकमेपैकी ९० टक्क्यांचीच वजावट मिळते. म्हणजे वर्षभरात बरोबरीत सुटलेल्यालाही कर लागू शकतो. नोंद नसेल तर तेवढीही वजावट सिद्ध करता येणार नाही.

निकाल झाकून विचारा

पोकर खेळणाऱ्याला मित्र लागतोच, पण रडगाणं ऐकायला नको. बॅड बीटच्या गोष्टी सगळ्या एकसारख्या असतात आणि ऐकणारा मनात स्वतःचीच गोष्ट घोळवत असतो. सांगणाऱ्यालाही त्याने हलकं वाटत नाही. मी तर पाहिलंय की तिसऱ्यांदा सांगताना माणूस पहिल्यापेक्षा जास्त चिडलेला असतो.

त्याऐवजी डाव लिहून पाठवा आणि जिथे निर्णय घ्यायचा होता तिथे थांबा. शेवट सांगू नका. 'माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि राणी, फ्लॉपवर राणी, अठ्ठी, तिर्री. मी लावले, त्याने कॉल केला. चौथा पत्ता किलवर नव्वी. पुन्हा लावले, त्याने दुप्पट केले. काय करू?' बस. समोरच्याला तुम्ही हरलात की जिंकलात हे कळलं की त्याचं उत्तर वाकतं. हरलेल्या डावात चूक सापडतेच, जिंकलेल्यात सापडतच नाही. म्हणून मी आणि माझी एक मैत्रीण (ती पेनसिल्व्हेनियात असते, तिच्या राज्याचे खेळाडू एप्रिल २०२५ पासून आमच्याच टेबलांवर येऊ शकतात) आठवड्याला हरलेले आणि जिंकलेले डाव मिसळून एकमेकींना पाठवतो. कुठला कुठला ते उत्तर आल्यावरही सांगत नाही. त्यामुळे तिची उत्तरं मला मानावीच लागतात. 'तुला काय माहीत, तू तिथे नव्हतीस' म्हणायला जागाच उरत नाही.

गरम टिल्ट, थंड टिल्ट

हरल्यावर डोकं ठिकाणावर न राहणं म्हणजे टिल्ट, आणि टिल्ट म्हटलं की लोकांना माऊस आपटणारा माणूस दिसतो. तो प्रकार आहेच. त्याच्या खुणा ओळखणं सोपं असतं: तिसरं टेबल उघडणं, पंचवीसवरून पन्नासच्या टेबलावर जाणं, एका विशिष्ट खेळाडूच्या मागे लागणं, चॅटमध्ये कुणाच्या तरी अकलेबद्दल लिहिणं, साइटचे पत्ते 'सेट' आहेत असं वाटायला लागणं. यातलं शेवटचं वाटलं की मी तर लगेच उठावं असंच म्हणेन.

पण सलग आठवडे हरणाऱ्यांमध्ये दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि त्याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. माणूस घाबरट होतो. चिडचिड नाही, आवाज नाही, उलट अगदी शिस्तीत खेळतोय असं त्याला स्वतःला वाटतं. हातात दोन जोड्या असतात, समोरचा नुसता चेक करतो (पैसे न लावता पाळी पुढे देतो), आणि हा रिव्हरला पैसे लावायच्या जागी चेक करून पत्ते दाखवतो, कारण 'त्याच्याकडे नक्की स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) असणार'. चांगले पत्ते जेवढं कमवायला हवेत तेवढं कमवत नाहीत, वाईट पत्ते नेहमीएवढं घालवतातच, आणि मग हरणं आणखी लांबतं. यात कुठलाही डाव 'चुकीचा' दिसत नाही, म्हणून वहीतही तो सापडत नाही. शोधायचा तर जिंकलेले डाव बघा: जिथे पॉट छोटाच राहिला आणि समोरच्याने दाखवलेले पत्ते कॉल करण्यासारखे होते, असे डाव. माझा स्वभाव या थंड प्रकाराचा, म्हणून मी दर आठवड्याला तेच आधी चाळते.

दोन्हींवर औषध वेगळं. गरम डोक्याला ऊठ म्हणावं लागतं. थंड डोक्याला, लहान टेबलावर जा आणि तिथे बिनधास्त लाव, असं सांगावं लागतं. थंड टिल्टवाल्याला नुसती विश्रांती दिली तर तो परत येतो तो जास्तच जपून खेळत.

'आता माझी पाळी' हा तिसरा रोग, दोघांनाही होतो. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटमध्ये काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला आणि 'आता लाल येणारच' म्हणत लोक लाखो फ्रँक घालवून बसले. चक्राला आधीचे पंचवीस आठवत नव्हते. पत्त्यांनाही नसतात आठवत.

उठण्याचा नियम दुपारी करायचा

पत्त्यांना काही आठवत नसेल तर ठरावीक रक्कम हरल्यावर उठायचं तरी कशाला? पुढचा डाव नवाच आहे ना? हा प्रश्न हुशार लोकच विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. नशिबाच्या हिशेबाने तीन बाय-इन हरून उठल्याने काहीच वाचत नाही. आज न खेळलेला डाव उद्या खेळाल, शक्यता त्याच.

फरक पत्त्यांत नसतो, बसलेल्या माणसात असतो. डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवलं की माणूस फायद्यात असताना धोका टाळतो आणि तोट्यात असताना धोका पत्करायला तयार होतो. पोकरच्या टेबलावर हे उघड दिसतं: पन्नास डॉलर जिंकलेला अकराला लॅपटॉप मिटतो, पन्नास हरलेला दोनपर्यंत बसतो. परिणाम काय, तर ताजं डोकं असताना खेळ कमी होतो आणि थकलेलं असताना जास्त. महिनाभराचे तास मांडून बघा. सगळ्यात लांबलेल्या बैठका कुठल्या निघतात ते तुम्हीच मोजा.

म्हणून थांबण्याची रेषा. माझी पंचाहत्तर डॉलर किंवा रात्रीचे साडेअकरा, यातलं जे आधी येईल ते. या रेषेचा आकडा कमी महत्त्वाचा, ती कधी ठरते ते जास्त. दुपारी, जेवण झाल्यावर, दुसऱ्या कशात तरी गुंतलेले असताना ठरवा आणि लिहून ठेवा. रात्री साडेअकराला ती बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. बदलायची असेल तर उद्या दुपारी.

महाभारतातल्या द्यूताची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण लोक पहिल्या डावावरच थांबतात. पहिल्या द्यूतात सगळं गेलं, द्रौपदीची विटंबना झाली, आणि मग धृतराष्ट्राने सारं परत दिलं. राज्य, संपत्ती, स्वातंत्र्य. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. वाटेत पुन्हा निरोप आला आणि धर्मराज मागे वळला. वनवास झाला तो या दुसऱ्या खेळाने, अनुद्यूताने. मला त्या गोष्टीत शकुनीचे फासे कधीच फार भीतीदायक वाटले नाहीत. परतीच्या वाटेवरून वळणं वाटतं. टेबल सोडून पलंगावर पडल्यावर फोनवरून पुन्हा पैसे भरणं हे तेच. त्यासाठी आमच्याकडे साधा बंदोबस्त आहे: ॲप फोनवर नाही, फक्त लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप खालच्या मजल्यावर.

न्यू जर्सीतल्या साइट्सवर यापेक्षा पक्का बंदोबस्तही करता येतो. भरण्याची, हरण्याची आणि वेळेची मर्यादा खात्यातच घालता येते; कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर थांबावं लागतं. किमान ७२ तासांसाठी स्वतःचं खातं स्वतःच गोठवता येतं. याचा लाभ फक्त 'व्यसनी' लोकांसाठी आहे असं समजू नका. मी हरण्याची साप्ताहिक मर्यादा फायद्याच्या महिन्यातच घातली, कारण तेव्हा ती घालताना काही वाटत नाही.

खाली उतरणं

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण करायला हेच सगळ्यात जड जातं. पोकरसाठी बाजूला काढलेली रक्कम तुमच्या टेबलाच्या तीस पटीखाली गेली की एक पायरी खाली. पंचवीसच्या टेबलावर खेळताना साडेसातशेच्या खाली आलात की दहाच्या टेबलावर. तिथल्या नफ्याने गेलेले पैसे लवकर भरून येणार नाहीत, हे खरं. पण तिथे एक पूर्ण बाय-इन गेला तरी दहाच डॉलर जातात, आणि दहा डॉलरसाठी झोप उडत नाही. झोप नीट असलेला माणूस बरा खेळतो. 'मी काय दहाच्या टेबलावर बसायचं?' असं मनात आलं तर ते कोणाला दाखवायचं आहे हे एकदा स्वतःला विचारा. टेबलावर तुम्ही टोपणनावाने बसलेले असता. कुणी ओळखत नाही.

आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात हवी. घरभाड्याच्या, मुलांच्या फीच्या खात्याला पोकरच्या साइटचं नावही माहीत नसावं. भाड्याच्या पैशाने खेळणाऱ्याला वरचे सगळे उपाय निरुपयोगी आहेत; त्याची भीती खरी असते, ती समजावून जात नाही.

घरात कळलेलं असू द्या

महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीचं शेवटचं पान मी नवऱ्याला दाखवते. तो पोकर खेळत नाही, त्याला आकड्यांत रस नाही, 'बरं' म्हणून चहा ओततो. तरी दाखवते. कारण ज्या महिन्यात ते पान दाखवावंसं वाटणार नाही, त्या महिन्यात हा नशिबाचा प्रश्न राहिलेला नसेल.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत जुगाराचा विकार दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांशेजारी ठेवला आहे. नऊ लक्षणं दिली आहेत, बारा महिन्यांत चार दिसली तर निदान. त्यांतलं एक म्हणजे हरलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं. दुसरं, किती खेळतो याबद्दल खोटं बोलणं. तिसरं, मन उदास, अस्वस्थ असताना खेळायला बसणं. चौथं, पैशासाठी दुसऱ्यांवर विसंबणं. सलग हरण्याच्या काळात ही चारही चांगल्या, शहाण्या, पगारदार माणसांत अगदी सहज उगवतात. आपल्याकडच्या लोकांत खोटं बोलण्याची तऱ्हाही ठरलेली: 'शेअरमध्ये थोडे अडकलेत'.

तसं दिसत असेल तर टेबल, पायऱ्या, वही सगळं बाजूला. न्यू जर्सीत १-८००-४२६-२५३७ वर चोवीस तास मोफत बोलता येतं. तिथे आधार गटांचीही माहिती मिळते. राज्याच्या यादीत स्वतःचं नाव घालून एक किंवा पाच वर्षांसाठी स्वतःला सगळ्या साइट्सवरून बाहेर ठेवता येतं, आणि मध्येच विचार बदलला तरी ते मागे घेता येत नाही. तोच तर त्याचा उपयोग. भारतात टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला 'मी जुगारी आहे' असं म्हणावं लागत नाही. 'पैसे हरतोय आणि थांबता येत नाही' एवढं पुरतं.

सुटी घेऊन परतताना

सुटी किती? झोप सुरळीत होईपर्यंत आणि भांडी घासताना जुना डाव डोक्यात येणं बंद होईपर्यंत. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला दोन महिने. त्या काळात पोकरचे व्हिडिओही नकोत. ते बघणं म्हणजे खुर्ची बदलून तिथेच बसणं. चाला. आमच्याकडे ओक ट्री रोडवर संध्याकाळी इतकी गर्दी असते की भाजी घेऊन येतानाच डोकं दुसरीकडे लागतं. थंडीत तेही जमत नाही, मग मी मुलाशी बदाम सात खेळते आणि त्याच्याकडून हरते.

परतल्यावर एकच टेबल, एक पायरी खाली, चाळीस मिनिटं. पहिल्याच रात्री हरलात तर बऱ्याच जणांना वाटतं की सुटी वाया गेली. पन्नास डावांत कुणालाच काही कळत नाही, ना चांगलं ना वाईट. त्या आठवड्यात रकमेशेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्यात फक्त दोनच गोष्टी लिहा: ठरलेल्या वेळी उठले का, आणि रिव्हरला लावायला हवे तिथे लावले का. दोन आठवडे दोन्हीकडे 'हो' आलं की दुसरं टेबल उघडा, मग ती रक्कम काहीही सांगो. 'नाही' येत राहिलं तर एकाच टेबलावर राहा.